दुसऱ्याच्या विवरणपत्रावर उभे असलेले आपले क्रेडिट : बदलता जीएसटी आणि लहान उद्योगांचे दरमहाचे काम

रोजकीर्द (धागाकर्ती), इचलकरंजी

नमस्कार. गेली वीस वर्षे मी इचलकरंजीत सूत व्यापारी आणि लहान यंत्रमाग कारखान्यांचे हिशेब आणि कराचे काम पाहते. मी काम शिकले तेव्हा महाराष्ट्रात १ एप्रिल २००५ पासून व्हॅट नुकताच लागू झाला होता. मात्र कापडावर व्हॅट नव्हता, त्यामुळे आमच्या गावातील बऱ्याच यंत्रमागधारकांचा विवरणपत्राशी पहिला संबंध आला तो १ जुलै २०१७ नंतरच. सूत आणि कापड यांची पारख पिढ्यान्‌पिढ्या असलेली ही माणसे त्या वर्षी एकदम पोर्टल, पासवर्ड आणि ओटीपी यांच्यासमोर उभी राहिली. त्यांच्यासाठी आणि त्यांच्यासारख्या इतरांसाठी हा धागा मी सुरू करत आहे.

मला जे सांगायचे आहे ते आधीच मांडते. जीएसटीत आपण भरायचा कर आपल्या वहीवरून ठरतो, पण आपल्याला मिळणारे क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट, दुसऱ्याने भरलेल्या विवरणपत्रावरून ठरते, आणि त्या क्रेडिटच्या अटी गेल्या आठ वर्षांत अनेकदा बदललेल्या आहेत. म्हणून वर्षाच्या शेवटी सगळी बिले पिशवीत भरून सल्लागाराकडे नेण्याची जुनी सवय आता थेट पैशांचे नुकसान करते.

कायदा लागू झाला तेव्हा खरेदीचे स्वतंत्र विवरणपत्र, म्हणजे जीएसटीआर-२, भरून विक्रेत्याची आणि खरेदीदाराची नोंद दरमहा जुळवायची, अशी मूळ कल्पना होती. ते विवरणपत्र सुरुवातीलाच स्थगित झाले आणि आपण जीएसटीआर-३बी मध्ये, म्हणजे कर भरण्याच्या विवरणपत्रात, स्वतःच्या हिशेबाने क्रेडिटचा आकडा लिहू लागलो. पुढे ९ ऑक्टोबर २०१९ पासून नियम ३६(४) आला. विक्रेत्याने पोर्टलवर दाखवलेल्या बिलांच्या क्रेडिटवर जास्तीत जास्त २० टक्के अधिक घेता येईल, असे त्यात म्हटले होते. १ जानेवारी २०२० पासून ही सवलत १० टक्क्यांवर आली, १ जानेवारी २०२१ पासून ५ टक्क्यांवर आली आणि १ जानेवारी २०२२ पासून कलम १६(२)(अअ) लागू होऊन ती पूर्णपणे संपली. विक्रेत्याने आपल्या जीएसटीआर-१ मध्ये, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्रात, बिल दाखवले नाही आणि ते आपल्या २बी मध्ये, म्हणजे विक्रेत्यांच्या नोंदींवरून पोर्टल तयार करते त्या आपल्या क्रेडिटच्या यादीत, उतरले नाही, तर बिल हातात असून, माल गोदामात असून, विक्रेत्याला पैसे पोचते केलेले असूनही क्रेडिट घेता येत नाही.

हे प्रत्यक्षात कसे घडते त्याची दोन उदाहरणे देते.

१४ मे २०२५ रोजी एका सूत व्यापाऱ्याची एप्रिलची २बी मी खरेदी रजिस्टरशी ताडून पाहत होते. सुती सुताचे ६,४०,००० रुपयांचे एक बिल होते. त्यावर ५ टक्क्यांनी १६,००० रुपये केंद्राचा आणि १६,००० रुपये राज्याचा कर होता. हे बिल २बी मध्ये नव्हते. विक्रेत्याला दूरध्वनी केला तेव्हा त्याने बिल दाखवल्याचे ठामपणे सांगितले आणि त्याच्या स्क्रीनवर ते दिसतही होते. मी त्याला नोंदणी क्रमांक एकेक अक्षर वाचायला सांगितला. सुरुवातीचा २७ बरोबर होता, पण पुढची पॅनची दहा अक्षरे आमच्या व्यापाऱ्याची नसून त्याच्या थोरल्या भावाच्या फर्मची होती. नोंदणी क्रमांकातले पंधरावे अक्षर तपासणीसाठी असते. टंकताना एखादे अक्षर चुकले तर त्यामुळे पोर्टल क्रमांक नाकारते, पण दुसऱ्याचा वैध क्रमांक टाकला तर पोर्टलला ती चूक कळण्याचा मार्गच नसतो. विक्रेत्याने पुढच्या महिन्याच्या जीएसटीआर-१ मध्ये दुरुस्ती केली, भावाच्या फर्मने आपल्याकडे चुकून आलेले बिल नाकारले आणि ३२,००० रुपयांचे क्रेडिट जूनमध्ये मिळाले.

दुसरे एक गृहस्थ नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे आले. त्यांचे बिल फेब्रुवारी २०२५ चे होते आणि चूक जवळपास तशीच होती. कलम १६(४) प्रमाणे आर्थिक वर्ष २०२४-२५ चे क्रेडिट घेण्याची शेवटची तारीख ३० नोव्हेंबर २०२५ होती, आणि त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरले असते तर ते भरल्याची तारीख शेवटची ठरली असती. ते आले तेव्हा त्यांच्या विक्रेत्याचे ऑक्टोबरचे जीएसटीआर-१ भरून झालेले होते आणि दुरुस्तीला महिनाच उरला नव्हता. चूक सारखीच असूनही एकाचे क्रेडिट वाचले आणि दुसऱ्याचे गेले. फरक एवढाच होता की पहिल्याने १४ तारखेला २बी उघडली होती.

मासिक विवरणपत्र भरणाऱ्याने जीएसटीआर-१ ११ तारखेपर्यंत भरायचे असते, १४ तारखेला २बी तयार होते आणि २० तारखेपर्यंत ३बी भरायचे असते. त्यामुळे १४ ते २० हे सात दिवस कोणत्याही परिस्थितीत मोकळे ठेवावेत, अशी माझी सर्वांना कळकळीची विनंती आहे. ऑक्टोबर २०२४ पासून बिल स्वीकारणे, नाकारणे किंवा प्रलंबित ठेवणे ही सोय पोर्टलवर आली आहे, तिला आयएमएस म्हणतात. आपण काहीच केले नाही तर बिल स्वीकारले असे धरले जाते. माल अजून वाटेत असेल तर ते बिल प्रलंबित ठेवणे योग्य, कारण माल हाती आल्याशिवाय क्रेडिटचा हक्क निर्माण होत नाही. न ओळखीचे बिल दिसले तर ते नाकारावे, कारण ते दुसऱ्या कुणाच्या तरी हक्काचे असते.

आपले प्रश्न विचारावेत. जमेल तसे उत्तर देईन.

किराणाभुसार, सातारा

ताई, लेख मनापासून आवडला. माझी शंका अशी आहे की बिल २बी मध्ये दिसले म्हणजे क्रेडिट पक्के झाले असे समजावे का? आमच्या सल्लागारांनी तसे सांगितले आहे.

रोजकीर्द

दुर्दैवाने तसे समजता येत नाही. २बी मध्ये बिल दिसणे ही एक अट आहे, तेवढ्याने सगळ्या अटी पूर्ण होत नाहीत. विक्रेत्याने जीएसटीआर-१ भरले पण ३बी भरून कर जमा केला नाही, असेही घडते. त्यासाठी नियम ३७अ आहे. आर्थिक वर्ष संपल्यानंतरच्या ३० सप्टेंबरपर्यंत विक्रेत्याने ते ३बी भरले नाही, तर आपण घेतलेले क्रेडिट ३० नोव्हेंबरपर्यंत उलटवावे लागते. त्याने पुढे ३बी भरले की ते पुन्हा घेता येते. विक्रेत्याची विवरणपत्रे भरली आहेत की नाहीत हे पोर्टलवर त्याचा नोंदणी क्रमांक टाकून कोणालाही पाहता येते. मी मोठ्या विक्रेत्यांची ही तपासणी तिमाहीत एकदा करते.

दुसरी अट आपल्या पैसे देण्याची आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत विक्रेत्याला कराच्या रकमेसह पैसे दिले नाहीत, तर तेवढे क्रेडिट व्याजासह परत करावे लागते. पैसे दिल्यावर ते पुन्हा मिळते. ज्या धंद्यात उधारी लांबते तिथे ही अट विसरली जाते आणि तपासणीत नेमकी तीच निघते.

सनदी, कोल्हापूर

मी वकिली करतो. विक्रेत्याने कर बुडवला म्हणून प्रामाणिक खरेदीदाराला भुर्दंड बसावा, हे न्यायाला धरून आहे असे आपल्याला वाटते का? आणि ही कल्पना जीएसटीने आणली, असा आपल्या लेखातून काहींचा समज होऊ शकेल.

रोजकीर्द

आपला मुद्दा रास्त आहे. महाराष्ट्रात ही कल्पना व्हॅटच्या काळापासून आहे. तेव्हा आपण क्रेडिटला सेट-ऑफ म्हणत होतो. व्हॅट कायद्याच्या कलम ४८(५) प्रमाणे शासनाच्या तिजोरीत प्रत्यक्ष जमा झालेल्या करापुरताच सेट-ऑफ मिळत असे, आणि महालक्ष्मी कॉटन जिनिंगच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ते कलम वैध ठरवले. जे-१ आणि जे-२ या विक्री आणि खरेदीच्या पक्षनिहाय जोडपत्रांतल्या तफावतीच्या नोटिसा ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना आजची २बी अनोळखी वाटणार नाही. दिल्लीच्या व्हॅट कायद्यातल्या तशाच तरतुदीबाबत मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये वेगळी भूमिका घेतली आणि प्रामाणिक खरेदीदाराला त्या तरतुदीचा फटका बसू नये, असा तिचा अर्थ लावला.

माझे मत विचाराल तर, विक्रेत्याला नोंदणी शासन देते, त्याच्याकडून वसुलीचे अधिकारही शासनाकडेच आहेत, आणि खरेदीदाराकडे फक्त दूरध्वनी करण्याचा अधिकार आहे. अशा स्थितीत आधी विक्रेत्याकडून वसुलीचा खरा प्रयत्न व्हावा आणि तो फसल्यावरच खरेदीदाराकडे वळावे, असे मला मनापासून वाटते. परंतु माझ्या पक्षकाराचे विवरणपत्र मी माझ्या मतावर भरू शकत नाही, म्हणून मी जुळवणीवर इतका भर देते.

वाळूसिमेंट, सांगली

आमचे बांधकाम साहित्याचे दुकान आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सिमेंटवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. आमच्याकडे २८ टक्क्यांनी घेतलेल्या ५०० गोण्या शिल्लक होत्या. त्या १८ टक्क्यांनी विकल्या. जास्तीचे क्रेडिट बुडाले का? शिवाय एका ठेकेदाराला २० सप्टेंबरला माल दिला होता आणि बिल २४ तारखेला केले. त्यावर कोणता दर लावायचा?

रोजकीर्द

क्रेडिट बुडालेले नाही. समजा गोणीची खरेदी ३०० रुपये आणि त्यावर ८४ रुपये कर होता. विक्री ३२० रुपयांना झाली तर १८ टक्क्यांनी ५७ रुपये ६० पैसे कर होतो. गोणीमागे २६ रुपये ४० पैसे, म्हणजे ५०० गोण्यांचे १३,२०० रुपये आपल्या क्रेडिट लेजरमध्ये राहतात. ते इतर कोणत्याही विक्रीच्या करापोटी वापरता येतात. मात्र त्याचा रोख परतावा मागता येणार नाही. खरेदी आणि विक्री एकाच वस्तूची आहे आणि केवळ काळाच्या ओघात दर उतरला आहे, अशा वेळी उलट्या दररचनेचा (खरेदीवर जास्त आणि विक्रीवर कमी दर असल्याचा) परतावा लागू होत नाही, असे केंद्रीय अप्रत्यक्ष कर मंडळाच्या २०२० च्या परिपत्रकात स्पष्ट केलेले आहे. सप्टेंबरपूर्वी विकलेला माल आता परत आला तर क्रेडिट नोट मूळ बिलाच्याच दराने, म्हणजे २८ टक्क्यांनी करावी.

दुसऱ्या प्रश्नाला कलम १४ लागते. पुरवठा, बिल आणि पैसे या तीन घटनांपैकी दोन ज्या बाजूला पडतात, त्या बाजूचा दर, असा त्याचा ढोबळ अर्थ आहे. आपला माल आधी गेला, बिल नंतरचे आहे, आणि पैसेही नंतरच आले असतील तर या कलमाच्या शब्दांप्रमाणे नवा दर येतो. पण इथे मी आपल्याला सावध करते. कलम ३१ प्रमाणे मालाचे बिल माल बाहेर पडताना किंवा त्यापूर्वीच करायचे असते. बिल चार दिवस उशिरा का केले, हा प्रश्न तपासणीत येणारच, आणि कमी दर मिळावा म्हणून ते थांबवले असा निष्कर्ष काढला जाऊ शकतो. सेवेच्या बिलाला ३० दिवसांची मुदत असते, त्यामुळे कलम १४ चा मोकळा वापर तिथे होतो. आपण त्या मालाचे चलन, गाडीचा क्रमांक आणि ठेकेदाराची पोच एकत्र लावून ठेवावी. उशिराचे खरे कारण असेल तर ते आजच लिहून ठेवावे.

खर्चीवाला, इचलकरंजी

ताई, आम्ही गावातलेच. आमचे आठ माग आहेत. व्यापाऱ्याचे सूत येते, पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या संख्येवर, मजुरी मिळते. विणलेल्या कापडाची किंमत धरली तर आमची उलाढाल मोठी होते, त्यामुळे नोंदणी घ्यावीच लागेल असे एकाने सांगितले.

रोजकीर्द

दादा, ते चुकीचे सांगितले आहे. सूत व्यापाऱ्याचे आहे, आपण सेवा देता, म्हणून आपली उलाढाल म्हणजे फक्त मजुरी. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख रुपयांची आहे. ४० लाखांची मर्यादा केवळ मालाची विक्री करणाऱ्यांसाठी आहे, तिच्या भरवशावर राहू नये. मजुरी २० लाखांवर गेली की नोंदणी घ्यावी आणि मजुरीवर ५ टक्के कर लावावा. पाठवलेले सूत एका वर्षाच्या आत कापड होऊन परत गेले पाहिजे. नाहीतर ते पाठवले त्या दिवशीच व्यापाऱ्याने विकले असे धरले जाते. ती जबाबदारी व्यापाऱ्याची असली तरी वाद आपल्यापर्यंत येतो. म्हणून प्रत्येक बिमाचे (ताण्याचे सूत गुंडाळलेल्या रुळाचे) चलन आणि कापडाच्या प्रत्येक ताग्याची पोच जपून ठेवा.

आपल्या व्यवसायापुरते आणखी एक लिहिते. सप्टेंबरच्या बदलात मानवनिर्मित तंतू १८ वरून आणि त्यांचे सूत १२ वरून ५ टक्क्यांवर आले. सिंथेटिक कापड विणणाऱ्यांचे क्रेडिट वर्षानुवर्षे तुंबत होते, कारण सुतावर १२ आणि कापडावर ५ टक्के कर होता. सुरुवातीला कापडासाठी परतावाच बंद होता. तो १ ऑगस्ट २०१८ पासून खुला झाला, पण त्याआधीचे शिल्लक क्रेडिट रद्द केले गेले. ते रद्द करणे गुजरात उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये अवैध ठरवले. आता मूळ दुखणेच दूर झाले आहे आणि आमच्या गावासाठी ही मोठी गोष्ट आहे.

पुठ्ठाखोकी, पुणे

मी फार अडचणीत आहे. आमचा खोकी बनवण्याचा छोटा कारखाना आहे. काल बँकेच्या कामासाठी पोर्टल उघडले तेव्हा २७ ऑगस्ट २०२५ चा डीआरसी-०७, म्हणजे कर मागणीचा आदेश दिसला. वर्ष २०२१-२२, क्रेडिटमधील तफावत, कर ३,१०,००० रुपये, शिवाय व्याज आणि दंड. आम्हाला एकही नोटीस कळली नाही. पोर्टलवरचा ईमेल आणि मोबाइल क्रमांक आमच्या आधीच्या हिशेबनिसाचा आहे आणि तो तीन वर्षांपूर्वी काम सोडून गेला. आज १० डिसेंबर. आता काही करता येईल का?

रोजकीर्द

करता येईल, पण आजपासूनच हालचाल करावी लागेल. कलम १०७ प्रमाणे आदेश कळवल्यापासून तीन महिन्यांत अपील करायचे असते. पोर्टलवर टाकलेला आदेश कळवला असे कलम १६९ प्रमाणे धरले जाते, म्हणून २७ ऑगस्टपासून मोजा. तीन महिने २७ नोव्हेंबरला संपले. पुरेसे कारण दाखवल्यास अपील अधिकारी आणखी एक महिना देऊ शकतात, म्हणजे आपल्या हाती २७ डिसेंबरपर्यंतचा वेळ आहे. त्यानंतर अपील अधिकाऱ्यालाही अधिकार उरत नाही आणि उच्च न्यायालयात रिट करण्याचा खर्चिक मार्गच राहतो. वादातल्या कराच्या १० टक्के, म्हणजे ३१,००० रुपये, अपिलासोबत भरावे लागतील. उशिराचे कारण म्हणून हिशेबनिसाने काम सोडल्याचा पुरावा जोडा.

आता मुद्द्याचे. २०२१-२२ या एकाच वर्षात क्रेडिटचे दोन वेगवेगळे नियम होते, हे वर मी लिहिले आहे. तफावतीच्या बिलांची यादी करून ३१ डिसेंबर २०२१ पर्यंतची बिले वेगळी काढा. त्या काळात ५ टक्क्यांची सवलत होती. त्या मर्यादेतल्या क्रेडिटसाठी २०२३ चे परिपत्रक क्रमांक १९३ आपल्या कामी येते. एका विक्रेत्याच्या बाबतीत वर्षाची तफावत ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर त्या विक्रेत्याने स्वतः दिलेले प्रमाणपत्र पुरते, त्याहून अधिक असेल तर सनदी लेखापालाचे किंवा परिव्यय लेखापालाचे लागते. जानेवारी ते मार्च २०२२ च्या बिलांना ही सवलत नाही. तिथे विक्रेत्याने बिल उशिरा दाखवले का, पुढच्या कोणत्या २बी मध्ये ते उतरले, हे शोधावे लागेल. अनेकदा बिल पुढच्या वर्षाच्या यादीत सापडते आणि तफावत केवळ वर्षाच्या सीमेवरची निघते.

ईमेल आणि मोबाइल क्रमांक बदलण्यासाठी जुना पासवर्ड मिळत नसेल तर आपल्या क्षेत्राच्या कर अधिकाऱ्याकडे ओळखीच्या कागदांसह अर्ज करा. ते तो बदल करून देऊ शकतात.

पुठ्ठाखोकी

ताई, आभार कसे मानू कळत नाही. रात्री बसून यादी केली. तफावतीची अकरा बिले आहेत. त्यांपैकी सात बिले ३१ डिसेंबर २०२१ पर्यंतची आहेत आणि एकाच कागद विक्रेत्याची आहेत. त्यांच्याशी बोलणे झाले, ते प्रमाणपत्र द्यायला तयार आहेत. उरलेल्या चारपैकी तीन बिले एप्रिल २०२२ च्या २बी मध्ये सापडली.

रोजकीर्द

फार चांगले झाले. एप्रिल २०२२ मध्ये सापडलेल्या त्या तीन बिलांचे क्रेडिट आपण २०२२-२३ मध्ये पुन्हा घेतलेले नाही ना, हे आधी तपासा आणि त्या महिन्याचे ३बी अपिलासोबत जोडा. सात बिलांचे क्रेडिट त्या काळाच्या ५ टक्क्यांत बसते का, याचा तक्ता करून लावा, नुसते प्रमाणपत्र लावू नका. त्या सातही बिलांचे पैसे दिल्याचे बँकेचे उतारे हवेत. अकराव्या बिलाचा आधार मिळाला नाही, तर तेवढा कर मान्य करून पूर्ण भरा आणि १० टक्के फक्त उरलेल्या वादाच्या रकमेवर काढा. अपील अर्ज २० डिसेंबरच्या आत पोर्टलवर चढवा, कारण शेवटच्या दिवसांत पोर्टल मंद झाले तर पुढे दारच बंद होते. अर्ज चढला की पोच क्रमांक इथे कळवा.

पुठ्ठाखोकी

अकरावे बिल सापडले. ते आमच्याच चुकीने दोनदा नोंदले गेले होते. तो कर आज व्याजासह भरला. अपिलाचा मसुदा उद्या तयार होईल.